मोटारीतील उष्ण वारा : आधी निदान, मग दुरुस्ती

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत दुपारचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाऊन पोहोचतो. अशा वेळी उन्हात उभी असलेली मोटार म्हणजे पेटती भट्टीच होय. मोटारीतील वातानुकूलन ही एके काळी श्रीमंतांची चैन समजली जात असे. आज ती स्थिती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावाहून रुग्णाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणारी गाडी असो किंवा भाड्याची मोटार चालवून संसार चालविणाऱ्या चालकाची गाडी असो, तिच्यातील गारवा ही आता गरजेची बाब झाली आहे. ‘एसी चालत नाही’ एवढ्या कारणावरून भाडे हातचे जाते, हा अनुभव अशा चालकांना नवा नाही.

ही यंत्रणा ऐन उन्हाळ्यात थंड हवेऐवजी गरम वारा फेकू लागली की मालक गाडी घेऊन गॅरेज गाठतो. तेथे बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते : “गॅस संपला आहे, भरून घ्या.” गॅस भरला जातो, काही दिवस गारवा येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! पैसा जातो, वेळ जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

वास्तविक उष्ण वारा हे केवळ लक्षण आहे. अंगात ताप भरला म्हणून कारण न शोधता रोज तापाची गोळी देणे जितके चूक, तितकेच कारण न शोधता गॅस भरणेही चूक होय. हे लक्षण कोणकोणत्या दोषांमुळे उद्भवते, त्याचे निदान कसे करावे आणि दुरुस्तीचा योग्य क्रम कोणता, याची माहिती मोटारमालकास आणि होतकरू कारागिरास व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

थंडावा येतो कोठून?

मातीच्या माठातील पाणी गार का होते, हे आपणास ठाऊक आहे. माठातून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. मोटारीतील वातानुकूलन यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की येथे पाण्याऐवजी अतिशय कमी तापमानाला उकळणारा एक पदार्थ वापरलेला असतो आणि त्याची झालेली वाफ हवेत उडून न जाता पुन्हा पुन्हा उपयोगात आणली जाते. या पदार्थास शास्त्रीय भाषेत प्रशीतक म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात तो ‘गॅस’ या नावाने ओळखला जातो. आज आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारींत आर-१३४ए हा गॅस असतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली तो शून्याखाली २६ अंश सेल्सिअसला उकळतो.

या गॅसचा प्रवास बंद नळ्यांतून चक्राकार चालू असतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्यास दाबतो, त्यामुळे तो तप्त होतो. मोटारीच्या अग्रभागी, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर नावाची जाळी असते. तिच्यातून जाताना पंख्याच्या व धावत्या मोटारीच्या वाऱ्याने त्याची उष्णता बाहेर पडते आणि तो द्रवरूप होतो. पुढे ड्रायर नावाच्या छोट्या नळकांड्यात त्याच्यातील ओलावा व कचरा अडविला जातो. त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून तो बाहेर पडतो, तेव्हा त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो अतिशय थंड होतो. हा थंड द्रव डॅशबोर्डाच्या आत बसविलेल्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो व तेथून जाणाऱ्या हवेतील उष्णता शोषून घेतो. हीच गार झालेली हवा आपल्या अंगावर येते. गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो आणि नवे चक्र सुरू होते.

कॉम्प्रेसर हवा तेव्हा जोडता व सोडता यावा म्हणून त्याच्या तोंडाशी विजेवर चालणारा चुंबकीय क्लच असतो. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली कारखान्यातच वातानुकूलन बसविलेली मोटार लोकांपुढे आणली, तेव्हा तिला असा क्लच नव्हता. थंडावा नको असेल तर चालकाला इंजिन थांबवून, खाली उतरून पट्टाच काढून ठेवावा लागे. आज डॅशबोर्डावरील एका बटणाने हे काम होते. तथापि या सोयीबरोबर तारा, फ्यूज, रिले व दाबाचे स्विच आले आणि तेवढी दोषांची ठिकाणेही वाढली.

गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही

या वर्णनावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. पेट्रोल जळते व संपते. गॅस मात्र जळत नाही, झिजत नाही. तोच तो गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळील सील व रबरी नळ्या यांतून तो अत्यल्प प्रमाणात झिरपतो, हे खरे. म्हणून बऱ्याच वर्षांनी थोडा गॅस भरावा लागला तर नवल नाही. परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर त्या यंत्रणेत निश्चितपणे गळती आहे असे समजावे. गळती न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

गळतीचे नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. कॉम्प्रेसरला वंगण पुरविणारे तेल गॅसबरोबरच सर्व यंत्रणेत फिरत असते. गॅस कमी झाला की तेल कॉम्प्रेसरकडे पुरेसे परत येत नाही आणि गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडते. परिणामी कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. रबराची एक लहानशी रिंग वेळीच बदलली नाही, म्हणून संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याची पाळी येते, ती अशी.

मालकाने स्वतः पाहावयाच्या गोष्टी

गॅरेज गाठण्यापूर्वी मालकास पुढील गोष्टी हत्यारांवाचून पाहता येतात. मोटार मोकळ्या हवेत उभी करावी, इंजिन चालू ठेवावे आणि फिरत्या पट्ट्यांपासून व पंख्यापासून हात, ओढणी, सैल बाही दूर ठेवावी.

पहिली गोष्ट म्हणजे हवेचा झोत. वारा जोरात येतो परंतु गरम येतो, की वाराच मंद आहे? वारा मंद असेल तर दोष गॅसच्या चक्रात नसून आतील पंख्यात किंवा धुळीने बुजलेल्या केबिन फिल्टरमध्ये असण्याचा संभव अधिक. कित्येकदा हा फिल्टर उंदरांनी कुरतडलेला किंवा पालापाचोळ्याने भरलेला आढळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच. एसीचे बटण दाबताच इंजिनच्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली चकती पुलीबरोबर फिरू लागते. चकती स्थिर राहिली तर क्लचपर्यंत वीज पोहोचत नाही असे समजावे. फ्यूज उडणे, रिले बिघडणे, तार उंदराने तोडणे किंवा क्लचची गुंडाळी जळणे ही त्याची कारणे होत. मात्र गॅस फार कमी झाल्यासही दाबाचा स्विच मुद्दाम वीज तोडतो. कॉम्प्रेसरचे रक्षण व्हावे, यासाठीच ती योजना असते. काही नव्या मोटारींच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच. आतील विद्युत व्हॉल्व्हने त्याचे काम कमी-अधिक केले जाते. तेथे आवाजाची ही खूण लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कंडेन्सरचा पंखा. एसी चालू करताच किंवा थोड्याच वेळात समोरचा विजेचा पंखा फिरू लागला पाहिजे. मोटार धावत असताना गारवा येतो आणि सिग्नलला किंवा टोलनाक्यावर थांबताच वारा गरम होतो, अशी तक्रार असेल तर प्रथम हा पंखा आणि कंडेन्सरवर बसलेली धूळ यांचीच तपासणी करावी. धावताना मोटारीला मिळणारा वारा पंख्याची उणीव भरून काढतो. थांबल्यावर ती उघडी पडते.

चौथी आणि सर्वांत उपयुक्त खूण नळ्यांच्या स्पर्शात आहे. एसी दहा मिनिटे चालवून इंजिन बंद करावे आणि लगेच, इंजिन व प्रवाशांची जागा यांमधील पत्र्यापाशी आत शिरणाऱ्या दोन नळ्यांपैकी जाड नळीस हात लावावा. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीस मात्र स्पर्श करू नये, कारण ती हात भाजण्याइतकी तापते. जाड नळी गार असून तिच्यावर दवबिंदू जमले असतील, तर गॅसचे चक्र ठीक आहे. दोष डॅशबोर्डाच्या आत शोधावा. गार व गरम हवेचे मिश्रण करणारी झडप गरम बाजूस अडकली असेल किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद होत नसेल, तर थंड झालेली हवा पुन्हा तापून बाहेर येते. अशा मोटारीत कितीही गॅस भरला तरी उपयोग होणार नाही. उलट जाड नळी कोमट असेल, तर दोष गॅसच्या चक्रात किंवा क्लचच्या वीजपुरवठ्यात आहे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. एसी चालू असता मोटारीखाली पाण्याचे थेंब पडतात, ते गळतीचे लक्षण नव्हे. हवेतील बाष्प गार कॉइलवर जमून खाली निथळते, इतकेच. कोकणातील दमट हवेत हे पाणी पुष्कळ पडते. ते मुळीच पडत नसेल आणि पायाशी गालिचा ओला होत असेल, तर पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे असे समजावे.

दाबमापकाची भाषा

यापुढील काम जाणकार कारागिराचे आहे. त्याच्याजवळ दोन दाबमापक असलेला संच असतो. निळी नळी कमी दाबाच्या बाजूस व लाल नळी जास्त दाबाच्या बाजूस जोडतात. दोन्हीचे आकडे एकत्र वाचल्यावाचून निदान होत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. इंजिन बंद असताना दाब पाहून गॅस किती आहे हे कळत नाही. यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब केवळ तापमानावर ठरतो. ३५ अंश तापमानाला आर-१३४एचा हा दाब दर चौरस इंचास सुमारे ११५ पौंड असतो. गॅस पुरेसा असो वा निम्मा, हा आकडा जवळपास तोच दिसतो. आकडा याहून बराच खाली असेल, तर मात्र यंत्रणा जवळजवळ रिकामी झाली आहे असे अनुमान काढता येते.

इंजिन व एसी चालू असता, ३० ते ३५ अंशांच्या हवेत, कमी दाबाच्या बाजूस साधारणतः ३० ते ४५ पौंड आणि जास्त दाबाच्या बाजूस २०० ते २५० पौंड असे आकडे दिसतात. मोटारीच्या बनावटीनुसार आणि बाहेरील तापमानानुसार ते बदलतात. या आकड्यांवरून पुढीलप्रमाणे अनुमाने काढता येतात.

दोन्ही दाब कमी असतील, तर गॅस कमी आहे. त्याचा अर्थ गळती आहे.

दोन्ही दाब जास्त असतील, तर गॅस प्रमाणापेक्षा अधिक भरला गेला आहे, यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही. या स्थितीत आणखी गॅस भरणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

कमी बाजूचा दाब जास्त आणि जास्त बाजूचा दाब कमी, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांजवळ आलेले असतील, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे किंवा त्याचा नियंत्रक व्हॉल्व्ह बिघडला आहे.

कमी बाजूचा काटा शून्याखाली निर्वातापर्यंत उतरत असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. हा प्रकार मधूनमधून घडत असेल, म्हणजे काही वेळ गारवा, मग गरम वारा, मोटार थोडी थांबवली की पुन्हा गारवा, तर यंत्रणेत ओलावा शिरला असून तो व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आहे, असा संशय घ्यावा.

थोडक्यात, उष्ण वाऱ्याच्या एकाच लक्षणामागे किमान चार निरनिराळे दोष दाबमापकावर दिसू शकतात, आणि त्यांपैकी केवळ एकाच प्रसंगी गॅसची खरोखर आवश्यकता असते. तेथेही आधी गळती बुजवावी लागते.

गळतीचा शोध

गॅस डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो आपली खूण मागे ठेवतो. त्याच्याबरोबर बाहेर पडलेल्या तेलावर धूळ बसून सांध्यापाशी तेलकट काळा डाग तयार होतो. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचे तोंड, कंडेन्सरच्या कडा आणि गॅस भरावयाच्या व्हॉल्व्हची टोपणे या जागा प्रथम पाहाव्यात. संशयित जागी साबणाचे पाणी लावले असता बुडबुडे येतात. सूक्ष्म गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक शोधक किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग वापरतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डाच्या आत दडलेली असल्यामुळे तेथील गळती शोधणे सर्वांत कठीण असते. अशा वेळी झोताच्या जाळीपाशी किंवा पाणी निथळण्याच्या नळीपाशी शोधक धरून पाहतात.

यंत्रणा रिकामी असेल, तर ती कोरड्या नायट्रोजनच्या दाबाने तपासावी. टायरमध्ये भरावयाची हवा या कामी वापरू नये, कारण तिच्याबरोबर ओलावा आत शिरतो. प्राणवायू तर कदापि वापरू नये. तेलाशी त्याचा दाबाखाली संबंध आल्यास स्फोट होऊ शकतो.

गळतीची कारणे प्रदेशानुसारही बदलतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या किनाऱ्यालगतच्या भागांत खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमचा कंडेन्सर खाल्ला जातो. कच्च्या रस्त्यांवर उडणाऱ्या खड्यांनी कंडेन्सरच्या नळ्यांना टोचे पडतात. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या भागांत गळती नसतानाही कंडेन्सरच्या पात्यांत माती व काडीकचरा बसून उष्णता कोंडली जाते. तेथे हलक्या पाण्याने, पाती न वाकविता, कंडेन्सर धुणे एवढाच उपाय पुष्कळदा पुरेसा ठरतो. जोरदार फवाऱ्याने पाती दुमडतात आणि उपायाचाच अपाय होतो.

दुरुस्तीचा योग्य क्रम

गळती सापडली म्हणजे दुरुस्ती पुढील क्रमाने करावी. प्रथम यंत्रणेतील उरलेला गॅस यंत्राच्या साहाय्याने टाकीत काढून घ्यावा, हवेत सोडून देऊ नये. मग सदोष भाग व त्यालगतच्या रबरी रिंगा बदलाव्यात. नव्या रिंगा ठरलेल्या तेलात बुडवून बसवाव्यात. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल किंवा कॉम्प्रेसर बदलला असेल, तर ड्रायरही बदलावा. कॉम्प्रेसर आतून फुटला असल्यास त्याचा धातूचा चुरा सर्वत्र पसरतो. नव्या बनावटीच्या कंडेन्सरच्या अतिबारीक वाहिन्यांतून तो धुऊन निघत नाही, म्हणून कंडेन्सर बदलणेच श्रेयस्कर ठरते. अन्यथा नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने निकामी होतो.

त्यानंतर निर्वात पंप लावावा. पुष्कळ ठिकाणी घाईने ही पायरी पाच मिनिटांत उरकली जाते. दाब अत्यंत कमी झाला म्हणजे यंत्रणेतील ओलावा साध्या तापमानालाच उकळून वाफ होतो व बाहेर ओढला जातो. यासाठी किमान ३० ते ४५ मिनिटे पंप चालला पाहिजे. मग पंप बंद करून १५ ते २० मिनिटे काटा स्थिर राहतो का, हे पाहावे. काटा सरकू लागला तर गळती किंवा ओलावा शिल्लक आहे. पुण्यासारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील शहरात हवेचा दाबच कमी असल्यामुळे निर्वाताचा काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास थांबतो. मुंबईत तो ३० इंचांच्या जवळ जातो. पुण्याच्या कारागिराने एवढ्यावरून पंपाला दोष देऊ नये.

शेवटी गॅस भरावा, तो अंदाजाने नव्हे, तर वजन करून. प्रत्येक मोटारीस लागणारे वजन बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते. लहान मोटारींत ते पाव ते अर्धा किलोग्रॅमच्या आसपास, तर मोठ्या मोटारींत त्याहून अधिक असते. तेलही कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे व मापाचेच असावे. काम झाल्यावर मधल्या झोताच्या जाळीत तापमापक ठेवून, दारे-खिडक्या लावून, आतलीच हवा फिरती ठेवून मोजणी करावी. कोरड्या हवेत आत-बाहेरच्या तापमानात १५ ते २० अंशांचा फरक पडला, तर काम समाधानकारक झाले असे मानण्यास हरकत नाही. दमट हवेत हा फरक काहीसा कमी राहतो.

टाळावयाचे धोके

दाबाचा स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर बळेच चालविण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. गॅस नसताना असे करणे म्हणजे कॉम्प्रेसर हाताने मोडणे होय. द्रवरूप गॅस त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास हिमदंशासारखी इजा होते. म्हणून चष्मा व हातमोजे घालावेत. गॅस ज्वालेच्या संपर्कात आल्यास विषारी वायू निर्माण होतात. तेव्हा गॅस भरलेल्या यंत्रणेजवळ वेल्डिंग करू नये. स्वस्तात मिळणाऱ्या बनावट गॅसमध्ये स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही पदार्थ मिसळलेले असू शकतात आणि अपघाताच्या वेळी ते जीवघेणे ठरतात. सीलबंद डबा पाहूनच गॅस भरून घ्यावा व पक्की पावती मागावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून एसी तपासू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन व प्राणघातक असतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसरही उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याचे तेल वेगळे, वीजरोधक असते. नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या की प्रशिक्षणावाचून तेथे हात घालू नये.

प्रश्न केवळ एका मोटारीचा नाही

गॅस हवेत गेला तर मालकाचे नुकसान होते, हे वर पाहिले. परंतु तो सर्वांच्याच आकाशात जातो. पूर्वी मोटारींत आर-१२ हा गॅस वापरीत. त्याच्या जातीची रसायने पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराचा नाश करू शकतात, हे मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. त्यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिआल येथे या रसायनांवर नियंत्रण आणणारा करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. नव्वदच्या दशकात जगातील मोटार उद्योग आर-१३४एकडे वळला.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. मात्र तो उष्णता कोंडून धरतो. १०० वर्षांच्या कालावधीचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा त्याचा परिणाम १,४३० पट मानण्यात येतो. म्हणजे एका मोटारीतील अर्धा किलोग्रॅम गॅस हवेत सुटला, तर तो सुमारे ७०० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखा आहे. सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याने साधारण एवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार इतक्या इंधनात मुंबई-नागपूर अशी ये-जा अडीच-तीन वेळा करू शकेल. दर उन्हाळ्यात गळक्या यंत्रणेत गॅस भरणारा मालक नकळत एवढी भर वातावरणाच्या तापात घालीत असतो. उन्हाळ्यापासून सुटका व्हावी म्हणून केलेला उपाय उन्हाळाच वाढवितो, ही यातील विसंगती विचार करण्यासारखी आहे.

म्हणूनच २०१६ साली रवांडातील किगाली येथे माँट्रिआल करारात दुरुस्ती करून या जातीच्या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. तीनुसार आपल्या देशात ही घट २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांपर्यंत न्यावयाची आहे. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए भरण्यास मनाई आहे. त्या जागी आलेला आर-१२३४वायएफ हा गॅस वातावरणास फारच कमी अपायकारक असला, तरी सौम्य ज्वालाग्राही आहे. त्यासाठी वेगळी साधने व वेगळी दक्षता लागते. दोन प्रकारचे गॅस एकाच यंत्रणेत मिसळू नयेत, हा नियम यापुढे अधिकच कटाक्षाने पाळावा लागेल.

कुशल हातांची गरज

कायदे आणि करार यांची अंमलबजावणी शेवटी रस्त्याकडेच्या गॅरेजमधील कारागिराच्या हातून व्हावयाची आहे. तोच गॅस हवेत सोडतो किंवा टाकीत जमा करतो. तोच गळती शोधतो किंवा टाळतो. केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतलीकरण कृती आराखड्यात देखभाल-दुरुस्ती क्षेत्रातील एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते, ते याच जाणिवेने. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार मेकॅनिक आणि प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हे दोन्ही अभ्यासक्रम या कामाचा पाया घालून देतात. ग्रामीण भागातील तरुणाने दाबमापकाचा संच, निर्वात पंप, वजनकाटा व गॅस काढून घेण्याचे यंत्र एवढी साधने जमविली आणि निदानाची शिस्त अंगी बाणविली, तर त्यास कामाची वाण पडणार नाही.

मोटारमालकांचेही यात कर्तव्य आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गॅस केवढ्याला भरता?’ हा प्रश्न प्रथम न विचारता, ‘गॅस गेला कोठे?’ हा प्रश्न विचारावा. गळती दाखविण्याचा आग्रह धरावा. निर्वात पंप किती वेळ चालला आणि किती ग्रॅम गॅस भरला, हे पावतीवर लिहून घ्यावे. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरते राहून दांड्याजवळचे सील कोरडे पडत नाही. गॅस भरण्यापेक्षा निदानास वेळ अधिक लागतो आणि त्या वेळेचे मोल कारागिराला देण्यास मालकाने कुरकुर करू नये. मालकाने योग्य प्रश्न विचारला आणि कारागिराने त्याचे प्रामाणिक उत्तर शोधले, तर पुढच्या वैशाखात तीच मोटार त्याच गॅसवर गार हवा देत धावेल.